परदेशी शिकायला जाण्यात पहिला नंबर कुणाचा? भारत, चीन, नेपाळ की लक्झेंबर्ग?

'जगात सर्वाधिक विद्यार्थी परदेशात पाठवणारा देश भारत' असा दावा सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतो. त्याखाली लगेच कुणीतरी लिहितं, 'नाही, पहिला चीनच'. कुणी त्यावरून आपल्या विद्यापीठांना नावं ठेवतं, तर कुणाला त्यात अभिमान वाटतो. दोन्ही बाजूंना आधार देणारे अधिकृत आकडे सापडतात आणि ते आकडे खोटेही नसतात. फरक असतो तो मोजण्याच्या पद्धतीत.

नुसती संख्या पाहिली तर चीन आणि भारत सगळ्यात पुढे आहेत. पण देशात शिकणाऱ्या एकूण विद्यार्थ्यांशी ती संख्या ताडून पाहिली, तर हे दोन्ही देश यादीत बरेच खाली घसरतात आणि नेपाळसारखा छोटा देश वर येतो. लक्झेंबर्गमध्ये तर देशात शिकणाऱ्यांपेक्षा देशाबाहेर शिकणारेच जास्त आहेत. हे सगळं एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते समजून घेऊया.

जगात एकूण किती विद्यार्थी परदेशात शिकतात?

देशादेशांची तुलना करण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी आकडेवारी युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेची आहे. तिच्यानुसार २००० साली जगभरात साधारण २१ लाख विद्यार्थी आपला देश सोडून दुसऱ्या देशात उच्च शिक्षण घेत होते. २०२२ पर्यंत हा आकडा ६९ लाखांच्या जवळ पोचला. म्हणजे दोन दशकांत तिपटीहून अधिक वाढ झाली.

आकडा मोठा वाटतो, पण जगभरात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी २६ कोटींच्या आसपास आहेत. त्यामुळे शंभरातले जेमतेम तीन जण परदेशात शिकतात आणि बाकीचे ९७ आपल्याच देशात. कोणत्याही देशाचा आकडा पाहताना ही जागतिक सरासरी डोक्यात ठेवली, तर तो जास्त की कमी हे पटकन कळतं.

संख्येत कोण पुढे?

युनेस्कोच्या २०२१ च्या सुमारासच्या आकडेवारीत चीनचे सुमारे १० लाख विद्यार्थी परदेशात होते. दुसऱ्या क्रमांकावर सुमारे ५ लाख विद्यार्थ्यांसह भारत होता. तिसऱ्या देशापर्यंत येताना मात्र मोठी दरी दिसते. व्हिएतनाम, जर्मनी, फ्रान्स, उझबेकिस्तान, अमेरिका, दक्षिण कोरिया, नेपाळ हे देश साधारण ९० हजार ते १ लाख ३० हजारांच्या पट्ट्यात आहेत.

यात एक नाव जरा खटकायला हवं. सुमारे ३ कोटी लोकसंख्येचा नेपाळ आणि ३३ कोटींहून अधिक लोकसंख्येची अमेरिका जवळपास एकाच पायरीवर कसे? इथूनच दुसरी मोजणी सुरू होते.

टक्केवारी काढली की यादी उलटते

परदेशात शिकणाऱ्यांच्या संख्येला त्या देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांच्या संख्येने भागलं आणि शंभराने गुणलं, की बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण मिळतं. युनेस्को हे प्रमाण स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. साधारण चित्र असं दिसतं:

• अमेरिका – सुमारे अर्धा टक्का
• ब्राझील – सुमारे १ टक्का
• भारत – १ टक्क्याहून थोडं अधिक
• चीन – सुमारे २ टक्के
• दक्षिण कोरिया – सुमारे ३ टक्के
• जर्मनी – सुमारे ४ टक्के
• व्हिएतनाम – सुमारे ६ टक्के
• नेपाळ – सुमारे २० टक्के
• लक्झेंबर्ग – १०० टक्क्यांहून अधिक

भारताचं गणित सोपं आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात ४ कोटी १४ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांच्या तुलनेत परदेशातले ५ लाख म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. याचा अर्थ, संख्येत जगात दुसरा असलेला भारत प्रमाणात जागतिक सरासरीच्याही खाली आहे.

लोकसंख्येशी तुलना केली तरी हेच दिसतं. दर एक लाख लोकांमागे भारताचे साधारण ३६ विद्यार्थी परदेशात होते, चीनचे साधारण ७० आणि नेपाळचे ३०० हून अधिक.

लक्झेंबर्गमध्ये शंभर टक्क्यांच्या वर कसं?

हे प्रमाण शंभराच्या वर जाणं अशक्य वाटतं. पण भागाकार देशांतर्गत विद्यार्थ्यांनी केला जातो, हे इथे लक्षात घ्यायला हवं. बाहेर शिकणारे देशात शिकणाऱ्यांपेक्षा जास्त असतील, तर उत्तर शंभराच्या पुढे जाणारच.

लक्झेंबर्ग हा साडेसहा लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश आहे. त्याचं विद्यापीठ स्थापन झालं ते थेट २००३ मध्ये. त्याआधीपासून तिथल्या मुलांना पदवीसाठी जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम या शेजाऱ्यांकडे जायची सवय आहे. शाळेतच जर्मन आणि फ्रेंच या दोन्ही भाषांतून शिक्षण होत असल्यामुळे भाषेची अडचण येत नाही. देश श्रीमंत आहे आणि युरोपीय संघात असल्यामुळे व्हिसाचा प्रश्नच नाही.

शिवाय 'परदेश' म्हणजे नेमकं किती लांब, हेही पाहायला हवं. लक्झेंबर्ग शहरापासून जर्मनीतलं ट्रिअर हे विद्यापीठाचं गाव साधारण ५० किलोमीटरवर आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाण्यापेक्षाही कमी. तरी तिथे शिकणारा विद्यार्थी परदेशी शिक्षणाच्या आकडेवारीत मोजला जातो. उलट नागपूरहून पुण्याला, म्हणजे ७०० किलोमीटर लांब येणारी मुलगी या आकडेवारीत कुठेच नसते. छोट्या देशांचं प्रमाण जास्त आणि भारत, चीन, अमेरिका, ब्राझील या मोठ्या देशांचं कमी दिसण्यामागचं हे एक साधं कारण आहे. मोठ्या देशात घर सोडूनही देश सुटत नाही.

नेपाळचे २० टक्के वेगळे का आहेत?

नेपाळ आणि लक्झेंबर्ग दोघांचंही प्रमाण मोठं आहे, पण कारणं एकदम वेगळी. नेपाळमधून परदेशी शिकायला जायचं तर तिथल्या शिक्षण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं लागतं. अलीकडच्या वर्षांत अशी पत्रं घेणाऱ्यांची संख्या वर्षाला एक लाखाच्या वर गेली आहे. त्यातले अनेक जण ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा, अमेरिका या देशांत जातात.

तिथे शिक्षण, नोकरी आणि स्थलांतर या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. शिकता शिकता अर्धवेळ काम करता येईल का, पदवीनंतर काही वर्षं राहता येईल का, हे पाहून देश निवडला जातो. परिणाम म्हणून नेपाळमधल्या अनेक महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहू लागल्या आहेत. लक्झेंबर्गचा विद्यार्थी शनिवार-रविवारी घरी जेवायला येऊ शकतो. नेपाळचा विद्यार्थी बहुतेकदा घरच्यांचं कर्ज डोक्यावर घेऊन निघालेला असतो. प्रमाणाच्या तक्त्यात मात्र दोघे शेजारी शेजारी दिसतात.

भारताचा खरा आकडा कोणता: ५ लाख, ७.५ लाख की १३ लाख?

भारताबाबत तीन वेगवेगळे आकडे फिरतात आणि तिन्ही अधिकृत आहेत.

पहिला, युनेस्कोचा सुमारे ५ लाखांचा. हा यजमान देशांनी दिलेल्या नोंदींवरून तयार होतो. म्हणजे जर्मनीत किती भारतीय शिकतात हे जर्मनी सांगतं. यात पदवीसाठी प्रवेश घेतलेलेच मोजले जातात. सगळे यजमान देश पूर्ण तपशील देत नाहीत आणि माहिती दोन-तीन वर्षं जुनी असते. त्यामुळे हा आकडा कमी येतो.

दुसरा, परराष्ट्र मंत्रालयाचा. भारतीय दूतावासांकडून आलेल्या माहितीच्या आधारे २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीयांची संख्या सुमारे १३.३ लाख सांगण्यात आली. हा आकडा नंतरचा आहे आणि मोजण्याची पद्धतही वेगळी आहे.

तिसरा, इमिग्रेशन विभागाचा. विमानतळावरून शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या भारतीयांची संख्या २०२२ मध्ये सुमारे ७.५ लाख, २०२३ मध्ये ८.९ लाख आणि २०२४ मध्ये ७.६ लाख होती. प्रवासाचं कारण कसं ठरवलं जातं, हे सरकारनेच संसदेत सांगितलं आहे: प्रवाशाने तोंडी दिलेली माहिती किंवा त्याच्याकडचा व्हिसा.

यातले पहिले दोन आकडे म्हणजे त्या वेळी परदेशात असलेले एकूण विद्यार्थी. तिसरा म्हणजे एका वर्षात बाहेर पडलेल्यांची नोंद. टाकीत किती पाणी आहे आणि नळातून वर्षभरात किती आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच पोस्टमध्ये त्यांचीच गल्लत होते. वर दिलेल्या तीन वर्षांची नुसती बेरीज केली तर ती २४ लाखांवर जाते, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या एकूण आकड्याच्याही बरीच पुढे. सुट्टीत घरी येऊन परत जाणारा विद्यार्थी अशा नोंदीत पुन्हा येऊ शकतो आणि शिक्षण संपवून परतलेले त्यातून वजा होत नाहीत.

एक गोष्ट मात्र या गोंधळातही स्पष्ट राहते. सगळ्यात मोठा एकूण आकडा, म्हणजे १३.३ लाख, धरला आणि २०२१-२२ च्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांशी त्याची तुलना केली, तरी प्रमाण सुमारे ३ टक्के येतं. म्हणजे भारत फार तर जागतिक सरासरीच्या आसपास पोचतो. 'सगळी मुलं बाहेर चालली' असं म्हणण्याला आकडेवारीचा आधार नाही.

अमेरिकेचे एक लाख की पावणेतीन लाख?

अमेरिकेबाबत नेमका उलटा प्रकार होतो. २०२२-२३ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या २ लाख ८० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी परदेशात शिक्षण घेतलं आणि त्यांचं सर्वात आवडतं ठिकाण होतं इटली. पण युनेस्कोच्या यादीत अमेरिकेचे विद्यार्थी एक लाखाच्या आसपासच दिसतात.

कारण असं की या पावणेतीन लाखांतले बहुतेक जण काही आठवडे किंवा फार तर एक सत्र बाहेर राहून परत येतात आणि पदवी अमेरिकेतल्याच विद्यापीठाची घेतात. युरोपात १९८७ साली सुरू झालेला इरॅस्मस कार्यक्रमही याच प्रकारचा आहे. युनेस्कोची मोजणी पूर्ण पदवीसाठी गेलेल्यांची असते, अशा अल्पकालीन देवाणघेवाणीची नसते. त्यामुळे अमेरिकेच्या पावणेतीन लाखांची भारताच्या ५ लाखांशी थेट तुलना केली, तर ती चुकीची ठरते.

उलट दिशेनेही हीच काळजी घ्यावी लागते. अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजारांच्या वर गेली आणि भारताने चीनला मागे टाकलं. 'भारत पहिला' या दाव्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. हा पहिला क्रमांक अमेरिकेपुरता आहे, जगाचा नाही. शिवाय त्या ३ लाख ३१ हजारांत सुमारे ९७ हजार जण असे होते, ज्यांचं शिक्षण संपून प्रशिक्षणाच्या परवान्यावर काम सुरू होतं. अमेरिकेच्या हिशेबात तेही 'विद्यार्थी'च.

पासपोर्ट पाहायचा की शाळा?

समजा, एक मुलगी भारतीय पासपोर्टची आहे, पण दुबईत वाढली आणि बारावीही तिथेच झाली. पुढे ती लंडनच्या विद्यापीठात गेली. ती कोणत्या देशाची विद्यार्थिनी? पासपोर्ट पाहिला तर भारताची, आधीचं शिक्षण पाहिलं तर संयुक्त अरब अमिरातीची. युनेस्कोच्या व्याख्येत भर असतो तो शिक्षणासाठी सीमा ओलांडण्यावर. पण काही देश फक्त नागरिकत्व नोंदवतात, मग तेच वापरावं लागतं.

जर्मनीने यावर तोडगा काढला आहे. तिथेच वाढलेले, तिथल्याच शाळेतून उत्तीर्ण झालेले, पण परकीय पासपोर्ट असलेले विद्यार्थी, उदाहरणार्थ तुर्की कुटुंबांतली मुलं, जर्मनी वेगळे मोजतं. शिक्षणासाठी बाहेरून आलेल्यांमध्ये त्यांना धरत नाही.

मुलं बाहेर का जातात?

प्रत्येक देशाची कारणं वेगळी असली, तरी काही समान धागे दिसतात.

पहिलं कारण म्हणजे देशात जागा कमी असणं. भारतातलं सर्वात स्पष्ट उदाहरण वैद्यकीय शिक्षणाचं. २०२४ मध्ये नीट परीक्षेसाठी सुमारे २४ लाख जणांनी नोंदणी केली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. देशातल्या खासगी महाविद्यालयांची फी आवाक्याबाहेर असल्यामुळे अनेक जण जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स गाठतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा तिथून २२ हजारांहून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं आणि त्यात बहुतेक विद्यार्थी होते. श्रीमंत देशांतही जागांचा प्रश्न असतो. जर्मनीत वैद्यकीय किंवा मानसशास्त्राला प्रवेश न मिळालेले अनेक जण शेजारच्या ऑस्ट्रियात जातात. तिथे भाषा जर्मनच आहे.

दुसरं कारण म्हणजे पैसा. अतिगरीब देशांतून फारसे विद्यार्थी बाहेर जात नाहीत, कारण तिकिटाचेही पैसे नसतात. मध्यमवर्ग वाढू लागला की संख्या वाढते. मग देशातली विद्यापीठं सुधारली आणि मुलांची संख्या घटली, की ती उतरूही लागते. दक्षिण कोरिया हे याचं ठळक उदाहरण. तिथल्या सरकारी मोजणीनुसार २०११ च्या सुमारास अडीच लाखांहून अधिक कोरियन विद्यार्थी परदेशात होते, तर २०२२ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास. अमेरिकेतल्या चिनी विद्यार्थ्यांची संख्याही २०१९-२० मध्ये ३ लाख ७२ हजार होती, ती २०२४-२५ मध्ये २ लाख ६६ हजारांवर आली. यात राजकीय तणाव आणि कोरोनाकाळाचाही वाटा आहे.

तिसरं कारण म्हणजे यजमान देशाचे नियम. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून ब्रिटनने बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत आणण्यास मनाई केली. जुलै २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाचं शुल्क ७१० वरून १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर केलं. त्याच वर्षी भारतातून शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्यांची संख्या ८.९ लाखांवरून ७.६ लाखांवर आली. आकडा घटला याचा अर्थ मुलांची इच्छा कमी झाली असा होतोच असं नाही. अनेकदा समोरचं दार अरुंद झालेलं असतं.

किती गेले आणि किती आले?

बाहेर जाणाऱ्यांचा आकडा एकटा पाहिला तर चित्र अर्धंच राहतं. अमेरिकेतून पदवीसाठी एक लाखाच्या आसपास विद्यार्थी बाहेर जातात, पण बाहेरून ११ लाखांहून अधिक तिथे येतात. जर्मनीतून बाहेर जाणारे लाखाहून अधिक आहेत, पण तिथे येणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. भारतात मात्र २०२१-२२ मध्ये परदेशी विद्यार्थी ४७ हजारांपेक्षाही कमी होते. त्यातले सर्वाधिक, सुमारे २८ टक्के, नेपाळचे होते.

भारतासाठी काळजीचा मुद्दा शोधायचाच असेल, तर तो इथे आहे. शंभरातले एक ते तीन जण बाहेर जाणं जगाच्या मानाने नेहमीचंच आहे. पण ४ कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षण व्यवस्थेकडे बाहेरून ५० हजार जणही येत नाहीत, हे तेवढं नेहमीचं नाही.

राज्यांची तुलना करतानाही हाच नियम

परदेशी जाणाऱ्यांच्या राज्यवार याद्यांमध्ये पंजाब, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र ही नावं सातत्याने वर दिसतात. पण २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती आणि पंजाबची २.७७ कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाव. दोन्ही राज्यांतून सारखेच विद्यार्थी बाहेर गेले असं धरलं, तरी पंजाबातलं प्रमाण महाराष्ट्राच्या चौपट होतं. पंजाबच्या गावागावांत परदेशी शिक्षणाच्या जाहिराती का दिसतात, हे त्यावरून कळतं. राज्यांच्या क्रमवारीतून ते कळत नाही.

असा आकडा पुन्हा समोर आला तर काय तपासायचं?

कोण मोजलेत ते आधी पाहावं: पूर्ण पदवीसाठी गेलेले, एका सत्रासाठी गेलेले, की शिक्षण संपवून काम करणारेही? मग कधीचे आणि कसे मोजलेत: सध्या परदेशात असलेले सगळे, की फक्त त्या वर्षी बाहेर पडलेले? त्यानंतर तो आकडा कशाशी ताडला आहे: नुसती संख्या आहे, की देशातल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेतलं प्रमाण? आणि शेवटी, तो जगाचा आहे की एकाच यजमान देशातला?

या प्रश्नांची उत्तरं मिळाली, की 'पहिला कोण' या वादातली हवा बरीचशी निघून जाते. सगळ्यात जास्त विद्यार्थी चीनचे. अमेरिकेत सगळ्यात जास्त भारताचे. अमेरिका आणि भारतापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणात देश सोडणारे नेपाळचे. आणि सगळ्यात सहज सीमा ओलांडणारे लक्झेंबर्गचे. यातला प्रत्येक 'पहिला' वेगळ्या शर्यतीतला आहे.